बेणं कुणी शिजवलं?

"माझ्या आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे का नाही, एवढं शोधून द्या," असं म्हणून प्रतिक्षानं टेबलावर हळदीचा एक वाळका गड्डा ठेवला.

रुबीना पठाणनं आधी गड्ड्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. हिंगोलीच्या बसस्टँडसमोर, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. बारा वर्षं विमा कंपनीसाठी लबाड माणसं उघडी पाडून ती आता स्वतःचा धंदा करत होती. लोक तिच्याकडं खोट्या सह्या घेऊन येत, पळवलेली जनावरं घेऊन येत. डोकं घेऊन अजून कुणी आलं नव्हतं.

"त्याला डॉक्टर असतात की," किशनराव म्हणाले. एसटीतून रिटायर झालेले हे कंडक्टर रुबीनाचे मदतनीस. सकाळपासून ते ऑफिसची किल्ली शोधत होते, आणि ऑफिस उघडून अर्धा तास झाला होता.

"काका, कुलपाला लटकतेय," रुबीना म्हणाली. "तू बोल, बेटा."

"आम्ही कुरुंद्याचे. आजोबांचं नाव उत्तमराव. हळद काढली की त्यातले भरीव गड्डे पुढच्या लागवडीला ठेवतात, त्याला बेणं म्हणतात. बाकीचं शिजवून, वाळवून विकायचं. एकदा शिजवलं की ते उगवत नाही. आजोबांनी तीस वर्षं दरसाल निवडून निवडून स्वतःचं बेणं केलंय. आतून शेंदरी निघतं. यंदा दहा क्विंटल लिंबाखाली ढिगात होतं. वीस दिवसांपूर्वी ते सगळं शिजवलं गेलं."

"कुणी शिजवलं?"

"सगळे म्हणतात, आजोबांनीच शिजवायला सांगितलं. आजोबा पण तेच म्हणतात. चार दिवस झाले, जेवले नाहीत. पप्पा शुक्रवारी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार आहेत. म्हणतात, आज बेणं शिजवलं, उद्या घर पेटवतील."

"आणि तुझं काय म्हणणं?"

प्रतिक्षाचे डोळे भरले, पण आवाज चिडका होता. "आजोबा माझं नाव विसरतात. हळद नाही विसरणार."

तो बुधवार होता. रुबीनानं पर्स उचलली.

कुरुंद्याबाहेर रानातच उत्तमरावांचं घर होतं. अंगणात ऊन रणरणत होतं आणि त्या उन्हात शिजवलेले गड्डे पसरून टाकलेले होते. कुणाला ते घासून चकचकीत करायला, पॉलिशला न्यायचंही मन झालं नव्हतं. किशनराव बांधानं यायचं सोडून सरळ त्या गड्ड्यांमधून चालत आले. मे महिन्यातही सँडलमध्ये पायमोजे घालायची त्यांची जुनी सवय होती, आणि ओसरीवर टेकताच ते पायमोज्यांत अडकलेल्या केसांसारख्या मुळ्या उपटत बसले.

आतून एका बाईचा आवाज येत होता. "किती बार सांगू मामा? आत्ताच च्या पेलात न्हाई का तुमी? जेवायचं न्हाई आन च्या दहा बार!"

ती उत्तमरावांची सून आणि प्रतिक्षाची आई, रूपा; सासऱ्याला ती मामा म्हणायची. बाहेर आली तेव्हाही तिचा पारा उतरला नव्हता.

"फार ओरडता तुम्ही," रुबीना म्हणाली.

"व्हय, ओरडते. दिवसभर मीच असते ना घरात! नवरा नांदेडला कॉलेजात क्लार्क, आठ दिवसाला येतो. मामा एकच गोष्ट ईस बार इचारतेत. तुमी राहून बघा."

"बेणं गेलं त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"त्या दिवशी मी माहेरी, औंढ्याला. त्याच्या दोन दिवस आधी आमी समदे वसमतला लग्नाला गेलो व्हतो, दिवसभर. मामाला गर्दी सोसत न्हाई, म्हून मुन्नाभावजी थांबले त्यांच्यापाशी. मामांचा पुतण्या आहे, लई जीव लावतो. कधी आवाज चढवत न्हाई. माझ्यासारखा न्हाई तो."

बाजेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे उत्तमराव बसले होते. समोर कांद्याची टोपली, हातात विळा. एकेक कांदा उचलायचा, एका झटक्यात मुळ्या छाटायच्या, रांगेत ठेवायचा. सगळे काप एकसारखे होते.

"कामात असले की शांत राहतेत, म्हून कांदे देते," रूपा म्हणाली. "हातच तसा पडलाय. बेण्याचा एक गड्डा मुळ्यांसकट ढिगात जाऊ देत न्हाईत. म्हैनाभर बसून समदे छाटतेत. आमी म्हंतो, कुनी बी छाटत न्हाई एवढं. ऐकतेत कुठं?"

रुबीना बाजेच्या काठावर बसली. "बाबा, आज वार कोणता?"

म्हाताऱ्यानं विळा थांबवला. खूप वेळ विचार केला. "शनवार असंल."

"बेणं शिजवायला तुम्ही सांगितलं?"

"म्याच सांगितलं असंल माय. डोकं ऱ्हायलं न्हाई आता."

"तुम्हाला आठवतं?"

"पहिलं न्हवतं आठवत. मुन्नानं समजावून सांगितलं. बिचारा रोज सांगतो. आता दिसतं बी मला. म्या बाजेवर बसलो, डोक्याला पांढरा रुमाल, हात करून कुकरवाल्या जळबाला सांगून राहिलो, लिंबाखालचा ढीग घाल म्हून." त्यांनी हातातला कांदा परत टोपलीत टाकला. "तीस वर्सांचं लेकरू व्हतं माय ते. म्या आपल्या हातानं उकळत्यात घातलं."

रुबीना ताडकन उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. किशनराव मागोमाग आले.

"काय झालं, मॅडम?"

"काका, तुम्ही सकाळी ऑफिस कसं उघडलं, ते डोळ्यांपुढं आणा. काय दिसतं?"

"कुलूप. माझा हात."

"तुमचं तोंड दिसतं?"

"माझं तोंड मला कसं दिसंल?"

"या माणसाला स्वतःच्या डोक्याचा रुमाल दिसतोय," रुबीना म्हणाली. किशनरावांना काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यांनी पुढं विचारलं नाही.

जळबा शेजारच्या रानातच सापडला. हळद शिजवायचं कुकर ट्रॅक्टरमागं लावून तो गावोगाव फिरायचा.

"माझी काही चूक न्हाई बाई. बाबांचा हुकूम व्हता. त्यांच्या रानात त्यांच्या शब्दाबाहेर आजवर एक कढई चढली न्हाई. लोकांचा बाबांवर लई भरवसा. शिजली का न्हाई ते वासावरून सांगतेत, आजबी."

"हुकूम कसा दिला? शब्दाला शब्द सांगा."

जळबानं डोकं खाजवलं. "बाबा बाजेवर व्हते. म्या इचारलं, आता कोनता ढीग घ्यायचा? मुन्नाभाऊ त्यांच्या कानाशी वाकले, काय तरी बोलले. मंग माझ्याकडं वळून म्हणले, काका म्हंतेत लिंबाखालचा घाल. बाबांनी हात केला."

"हात कसा केला?"

"असा." जळबानं हात वर केला. माशी हाकलताना करतात तसा.

परत येतात तो मुन्ना आलेला. पंचेचाळिशीचा, गोड चेहऱ्याचा. टेम्पोत ठिबकच्या नळ्यांची बंडलं होती, पण आधी तो काकांपाशी गेला, त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "काका, जेवा ना. झालं ते झालं. तुमी मुद्दाम थोडंच केलं? वयच तसं आहे. विसर पडतोच."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. विळा हातातून गळून पडला.

"तुम्ही रोज त्यांना ही आठवण करून देता?" रुबीनानं विचारलं.

"डॉक्टरच म्हणले व्हते ना, आठवण करून देत जा. मॅडम, मला तरी काय सुख आहे त्यात?"

"त्या दिवशी तुम्ही अडवलं नाही जळबाला?"

"काकांच्या शब्दापुढं मी कोण? मला वाटलं, काही इचार असंल त्यांचा."

"या नळ्या कुठं निघाल्या?"

"हट्ट्याला. सासऱ्याचं दोन एकर रान मी करून राहिलो यंदा."

"काय लावणार?"

"सोयाबीन. दुसरं काय?"

मुन्ना गेल्यावर रुबीनानं किशनरावांच्या कानात काही सांगितलं. "आत्ता हट्ट्याला?" ते कुरकुरले. पण हिंगोली जिल्ह्यात कोणती गाडी कोणत्या फाट्यावर किती वाजता येते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वीस मिनिटांत ते गाडीत होते.

संध्याकाळी रूपाचा नवरा सोमेश्वर नांदेडहून आला. मुलगा म्हणून त्याचं काही चुकत नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं. त्यानं डॉक्टरांचा कागद रुबीनापुढं टाकला.

"शंभरातून सात वजा करता आले नाहीत त्यांना. तारीख सांगता आली नाही. आता तुम्हीच सांगा, यांच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा?"

रुबीनानं कागद शेवटपर्यंत वाचला. "डॉक्टरांनी खाली लिहिलंय, वयानुसार सौम्य विस्मरण. तुम्ही वाचलं?"

"पाच मिनिटांत तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात हो ते. कोण ऐकणार?"

"माझे अब्बा एक दिवस सकाळपासून सांगत होते, छातीत दुखतंय. मी म्हणाले, अब्बा, पाचव्यांदा सांगताय. संध्याकाळी ते गेले." रुबीनानं कागदाची घडी घातली. "पाचव्यांदा सांगितलेली गोष्ट खोटी असते, हे आपल्याला कुणी शिकवलं? उद्या सकाळी अकराला सगळ्यांना इथं हजर ठेवा. जळबाला, मुन्नालाही."

गुरुवारी अकराला सगळे ओसरीवर जमले. मधोमध स्टुलावर बारा कागदी पुड्या होत्या, त्यांच्यावर आकडे होते. किशनराव हट्ट्याहून पहिल्या गाडीनं परतले होते आणि खिशावर हात ठेवून बसले होते.

"या पुड्यांत वाळलेल्या गड्ड्यांचे तुकडे आहेत," रुबीना म्हणाली. "साल खरवडून, फोडून एकसारखे केलेले. चार तुकडे रूपाताईंच्या डब्यातले, म्हणजे गेल्या सालचे, उत्तमरावांच्या हळदीचे. चार गेल्या सालचेच, पण शेजाऱ्याचे. आणि चार या अंगणातले, ज्यांना सगळे शिजवलेलं बेणं म्हणतात. कोणत्या पुडीत काय, ते फक्त आमच्या किशनकाकांना माहीत आहे. यादी त्यांच्या खिशात आहे. बाबा, यातली तुमची हळद कोणती?"

"काहून चेष्टा करून राहिलात म्हाताऱ्याची?" मुन्ना हळूच म्हणाला. "कालचं आठवत न्हाई त्यांना."

"तुम्ही गप्प बसा."

उत्तमरावांनी पहिला तुकडा घेतला. नखानं खरवडला, नाकाशी नेला. "न्हाई." दुसरा. "न्हाई." तिसरा दातांत धरून मोडला, आतला रंग उजेडात धरला. "हे आपलं." हात कुठं अडले नाहीत. बारा संपले. किशनरावांनी यादी काढली आणि मोठ्यानं वाचली. उत्तमरावांनी 'आपले' म्हणून बाजूला काढलेले चारही तुकडे रूपाच्या डब्यातले होते. अंगणातले चारही त्यांनी परके म्हणून टाकले होते.

"नशिबानं लागलं असेल," सोमेश्वर म्हणाला.

"सकाळी नऊला मी हेच केलं, रूपाताईंसमोर. तेव्हा पुड्यांचा क्रम वेगळा होता. उत्तरं हीच आली. बाबा, सकाळी आपण हा खेळ खेळलो, आठवतं?"

"कवा?" उत्तमराव म्हणाले. "आत्ताच तर बघून राहिलो म्या."

"ऐकलंत? पहिली परीक्षा त्यांना आठवतही नाही. म्हणजे घोकून सांगायची सोय नाही. दोन्ही वेळा त्यांनी नव्यानं तपासलं, आणि दोन्ही वेळा मिळून चोवीसपैकी एकही चूक नाही. सोमेश्वरराव, वार आणि वजाबाकी म्हातारपणी मागं पडते. नावं जिभेवर येत नाहीत. आमचे काका किल्ली विसरतात, पण तीस वर्षं केलेल्या रूटचा एक फाटा चुकत नाहीत. जे हातानं, नाकानं, आयुष्यभर केलं, ते असं सहज जात नाही. तुम्ही सगळं एकाच पोत्यात भरलं आणि तोंड शिवून टाकलं!"

रुबीना ओसरीच्या कडेला आली.

"आता अंगणात पडलेलं जर उत्तमरावांचं बेणं नसेल, तर त्यांनी बेणं शिजवलेलंच नाही. ज्यांचा त्यांच्या नाकावर विश्वास नाही, त्यांनी हे बघा." तिनं अंगणातला एक गड्डा उचलला. त्याला खाली मुळ्यांचा झुपका होता. "रूपाताई, तुमचे मामा बेण्याच्या गड्ड्याचं काय करतात?"

रूपाचा हात तोंडावर गेला. "मुळ्या छाटतेत. एक सोडत न्हाईत."

"अंगणातल्या एकेका गड्ड्याला मुळ्या आहेत. काल काकांचे पायमोजे त्यांनी भरले. शिजवायच्या गड्ड्यांच्या मुळ्या कुणी छाटत नाही, त्या पॉलिशमध्ये आपोआप झडतात. म्हणजे चोरी कळू नये म्हणून शिजवण्याआधीच लिंबाखाली बाहेरची साधी हळद आणून टाकलेली होती. घर दिवसभर रिकामं कधी होतं? लग्नाच्या दिवशी. म्हाताऱ्यापाशी कोण होतं?"

सगळ्यांच्या माना मुन्नाकडं वळल्या.

"माझ्यावर काहून?" तो म्हणाला. "काकांनी हुकूम दिला. जळबानं ऐकलंय!"

"म्या न्हाई ऐकलं," जळबा सावकाश म्हणाला. त्याचं त्यालाच आता उमगत होतं. "तुमीच सांगितलं. बाबांनी नुसता हात हालवला."

"कानाशी वाकून तुम्ही काय पुटपुटलात, देव जाणे. म्हाताऱ्यानं माशी हाकलावी तसा हात केला आणि तुम्हाला हुकूम मिळाला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. उत्तमराव म्हणाले असते, मी नाही सांगितलं, तर? म्हणून रोज येऊन, पाठीवर हात फिरवून, मऊ आवाजात तुम्ही त्यांच्या डोक्यात ती गोष्ट पेरली. इतकी की त्यांना ती दिसायला लागली. त्यात ते स्वतःलाच बाजेवर बसलेलं बघतात, डोक्याच्या रुमालासकट. ते त्यांनी पाहिलेलं नाही, मुन्नाभाऊ. ते उभं राहून बघणाऱ्यानं पाहिलेलं आहे. ती आठवण तुमची आहे!"

"पुरावा काय?"

"काका."

किशनराव उठले. "सोयाबीनला ठिबक कोण टाकतं हो?" त्यांनी सरळच विचारलं. "तुमच्या सासऱ्याच्या रानात हळदीसाठी मातीचे उंच बेड पाडलेत. आंब्याखाली पाल्यानं झाकलेला ढीग आहे. सासऱ्यानं हौसेनं दाखवला, जावयाचं खास बेणं म्हणून. एक मागून आणलाय."

त्यांनी खिशातून ओला, कोंब फुटू लागलेला गड्डा काढला. खालून मुळ्या एका झटक्यात छाटलेल्या होत्या, कालच्या कांद्यांसारख्याच. रुबीनानं तो उत्तमरावांच्या हातात दिला.

म्हाताऱ्यानं गड्डा मोडला. आतून शेंदरी निघाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "जित्तं आहे," ते म्हणाले. "कुठं घावलं?"

मुन्नाचा गोड चेहरा आता पार उतरला होता. "काय करणार व्हते ते बेण्याचं?" तो ओरडला, पहिल्यांदाच. "मागितलं तर टोपलीभर देतेत, जास्त न्हाई. दोन वर्सांत समदंच विसरणार हा माणूस! मंग काय उपेग? मी निदान जगवलं तरी असतं!"

रूपानं पुढं होऊन त्याच्या मुस्काटात मारली. "चार दिस जेवले न्हाईत ते! तुज्यामुळं! आन मी तुलाच चांगलं म्हणत ऱ्हायले!"

दुपारपर्यंत जळबाचा ट्रॅक्टर हट्ट्याहून ढीग घेऊन परत आला. पोलिसांत जायचं का, ते सोमेश्वरनं ठरवायचं होतं. शुक्रवारची गाडी त्यानं रद्द केली. संध्याकाळी उत्तमराव भाकरी आणि पिठलं पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी रुबीना आणि किशनराव गावातला मुक्काम हलवून हिंगोलीला निघायच्या आधी एकदा डोकावले. उत्तमराव बाजेवर बसले होते. डोळे ओले होते.

"माय," ते रुबीनाला म्हणाले, "म्या बेणं शिजवलं. तीस वर्सांचं."

प्रतिक्षा रडायला लागली. "सकाळपासून तेच म्हणतायत. काल सगळं सांगितलं तरी."

रुबीना सोमेश्वरकडं वळली. तिचा राग अजून जिवंत होता. "त्यानं वीस दिवस खोटं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आता खरं एकदा सांगून भागणार नाही. जितक्यांदा ते विचारतील, तितक्यांदा सांगायचं. न चिडता. आणि मुन्नाचं नाव घेऊन थांबायचं नाही, पुढचंही सांगायचं."

सोमेश्वर वडिलांसमोर जमिनीवर बसला. "बाबा, बेणं शिजलं नाही. लिंबाखाली आहे, जितं आहे."

"मंग शिजवलं म्हून कोन म्हनलं?"

"मुन्ना म्हणाला." सोमेश्वरनं रूपाकडं पाहिलं. "आणि आम्ही मानलं."

 म्हाताऱ्यानं हात पुढं केला. रूपानं त्या हातात मोडलेला शेंदरी गड्डा ठेवला. त्यांनी वास घेतला, मान हलवली, विळा मागितला आणि कांद्यांच्या मुळ्या छाटायला लागले.

पाच मिनिटांनी विळा थांबला.

"सोमा," ते म्हणाले, "म्या बेणं शिजवलं का रं?"

"नाही बाबा," सोमेश्वर म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.